पाव किलोचा हिशोब

आमच्या युनिटमध्ये सकाळी सहाला सगळ्यात आधी वजनं होतात. रात्रपाळीची सिस्टर चाकांचा काटा खोलीत ढकलत नेते, शून्यावर आणते आणि मुलाला त्यावर उभं करते. अंगात फक्त पातळ झबलं आणि चड्डी. छातीतून निघालेल्या हिकमन लाइनच्या नळ्या ती हातात तोलून धरते, म्हणजे त्यांचा भार काट्यावर येत नाही. आकडा लिहिला की मुलाला आडवं निजवून पोटाचा घेर मोजायचा. बेंबीच्या दोन्ही बाजूंना पेनानं खुणा केलेल्या असतात. टेप रोज त्याच खुणांवरून गेली पाहिजे आणि मुलानं श्वास सोडल्यावरच मोजायचं. संध्याकाळी सहाला हेच सगळं पुन्हा.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या कामात माझी बावीस वर्षं गेली. घरच्यांच्या मनात ‘डे झिरो’ हा सगळ्यात मोठा दिवस असतो. मूळपेशींची पिशवी स्टँडवर लटकते, आई हात जोडून उभी राहते, बाहेर काचेपाशी मामा-काका जमतात. मला मात्र धाकधूक असते ती त्यानंतरच्या तीन आठवड्यांची. रक्तपेशींचे काउंट आलेले नसतात, तोंडाची साल निघालेली असते, ताप कधीही चढतो. आणि या सगळ्याच्या आड यकृताचं एक दुखणं दबा धरून बसलेलं असू शकतं. वॉर्डात आम्ही त्याला व्हीओडी म्हणतो. ते सगळ्यात आधी दिसतं ते वजनाच्या काट्यावर, हे मला शिकवलं एका मुलीनं.

ती उल्हासनगरची होती. सहा वर्षांची, थॅलेसेमिया मेजर. तेव्हा मी दुसऱ्या एका रुग्णालयात होते, या कामात नवीन. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवून चढवून तिच्या शरीरात लोह साठलं होतं. यकृत बरगडीखाली चार बोटं लागायचं. मोठा भाऊ जुळला होता, त्याचा मॅरो तिला द्यायचा होता. त्याआधी तिचा स्वतःचा मॅरो रिकामा करायला बुसल्फान द्यायचं. ते तेव्हा आमच्याकडे गोळ्यांतूनच मिळायचं. दोन मिलिग्रॅमची एक गोळी. तिच्या अठरा किलोंना एका वेळी नऊ गोळ्या, दर सहा तासांनी, चार दिवस. एकूण १४४ गोळ्या. रात्री बाराला आणि पहाटे सहाला झोपेतून उठवून त्या घशाखाली घालायच्या. उलटी झाली की मी वाडगा उजेडात धरून त्यात किती गोळ्या अख्ख्या दिसतात ते मोजायचे, तेवढ्या पुन्हा द्यायचे. पोटातून रक्तात नक्की किती औषध उतरलं, ते समजायला आमच्याकडे काहीच साधन नव्हतं. एकाच्या रक्तात ते कमी उतरतं, दुसऱ्याच्या जास्त. कमी पडलं तर मॅरो धरत नाही, आणि जास्त झालं तर यकृत भाजतं.

प्लस आठव्या, म्हणजे डे झिरोनंतरच्या आठव्या दिवशी तिचं वजन चारशे ग्रॅमनी वाढलं. आदल्या दिवशी दुसरा काटा वापरला होता, म्हणून मी शेऱ्यात लिहिलं, ‘वेगळा काटा’. दुसऱ्या दिवशी आणखी तीनशे. तिची आई म्हणाली, “सिस्टर, फ्रॉकचा हूक लागत नाहीये कमरेला.” मी म्हणाले, “सलाइनची सूज असेल, उतरेल.” त्या दोन दिवसांत तापासाठी पॅरासिटामॉल चालूच होतं, सलाइनही तेवढंच. अकराव्या दिवशी तिच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला. उजव्या बरगडीखाली तिला चादरीचा स्पर्शही सोसेना. डॉप्लर सोनोग्राफीत पोर्टल शिरेतलं रक्त उलट्या दिशेनं वाहताना दिसलं. मग लघवी आटली, त्यानंतर श्वास. एकविसाव्या दिवशी ती गेली.

दोन दिवस आधी कळलं असतं तर ती वाचली असती, असा दावा मी करत नाही. त्या वेळी आमच्या हातात त्यावरचं औषध नव्हतं. पण आई मला खरी खूण सांगत होती आणि मी तिला गप्प केलं होतं. तो फ्रॉक कोणत्या रंगाचा होता, ते मला आजही सांगता येईल.

त्यानंतर मी हे दुखणं नीट समजून घ्यायला लागले. यकृतात पेशींच्या रांगा असतात आणि त्यांच्या मधून सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा बारीक वाहिन्या जातात. त्यांना सायनुसॉइड म्हणतात. आतड्यांतून आलेलं रक्त पोर्टल शिरेतून या वाहिन्यांत शिरतं, पेशींना भिजवतं आणि पुढे हृदयाकडे जातं. बुसल्फान, सायक्लोफॉस्फामाइड, मेल्फलान यांच्या मोठ्या मात्रा किंवा सर्वांगावरचं रेडिएशन या वाहिन्यांचं नाजूक अस्तर सोलवटून काढतात. अस्तराच्या पेशी फुगतात, सुटतात, त्यांच्या खालच्या फटीत रक्तपेशी घुसतात. सुटलेला तो चोथा पुढे जाऊन अडकतो आणि वाट बुजते. मागून येणारं रक्त तुंबतं, दाब वाढतो, पाणी पोटात पाझरायला लागतं. मूत्रपिंडांना वाटतं रक्त कमी पडतंय, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. वजन वाढतं ते यामुळे. कावीळ पुष्कळदा नंतर येते, आणि लहान मुलांत कधी कधी येतही नाही. सौम्य दुखणं आपसूक ओसरतं. पण ते बळावून मूत्रपिंड आणि फुप्फुसं निकामी व्हायला लागली, तर विशेष औषधाविना शंभरातले ऐंशीहून जास्त रुग्ण हातचे जातात.

या दुखण्याचा इतिहास एका वरिष्ठ डॉक्टरांनी आम्हा सिस्टरांच्या वर्गात सांगितला, तेव्हा मी चमकले. ट्रान्सप्लांट सुरू होण्याच्या आधीपासून हे दुखणं होतं. १९५४ साली जमैकातल्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. तिथे मुलांना रानपाल्याचा काढा पाजायची रीत होती आणि त्यातल्या काही झाडांतल्या विषानं यकृताच्या शिरा बुजत होत्या. आपल्याकडे सत्तरच्या दशकाच्या मध्यात सरगुजा जिल्ह्यात, आताच्या छत्तीसगडमध्ये, माणसांची पोटं पाण्यानं फुगायला लागली. ६७ जण आजारी पडले, २८ दगावले. गोंदली नावाच्या भरड धान्यात एका रानझुडपाचं बी मिसळलं होतं. ते झुडूप क्रोटालारियाच्या कुळातलं. डॉक्टरांनी चित्र दाखवलं आणि मी लगेच ओळखलं. हा तर आमचा खुळखुळा! साताऱ्याकडे आमच्या बांधावर पिवळ्या फुलांचा खुळखुळा उगवायचा. वाळलेल्या शेंगा हलवल्या की आत बिया वाजायच्या, आम्ही त्या कानाशी धरून पळायचो. त्याच कुळाच्या बियांमधलं विष आणि माझ्या हातानं मी देत असलेलं औषध यकृताच्या एकाच जागी घाव घालत होतं. सरगुजातल्या त्या माणसांना जेवणातून काय जातंय ते कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही तर मात्रा मोजून, वेळ लिहून, जाणतेपणी देतो. मग नजर ठेवण्याची जबाबदारी किती पटींनी आमची!

आता त्या मुलाबद्दल सांगते, ज्याच्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं.

तो सांगोल्याकडचा, चार वर्षांचा. आमच्याकडे ओळख खोलीच्या नंबरावरून होते, त्यामुळे तो ‘चार नंबर’. पोटात न्यूरोब्लास्टोमाची गाठ होती. किमो झाली, ऑपरेशन झालं आणि आता मोठ्या मात्रेची किमो देऊन त्याच्याच गोठवून ठेवलेल्या मूळपेशी परत द्यायच्या होत्या. वडील डाळिंबाच्या बागांत फवारणीचं काम करायचे, गळ्यात तुळशीची माळ. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की आधी बुसल्फान आणि मेल्फलाननं सगळं रान मोकळं करायचं, मग पेरणी. ते ऐकून घेऊन म्हणाले, “तणनाशक मारलं की वारं फिरून कडंच्या पिकालाबी झळ लागती. तसं याला कुठं लागंल?” इतका नेमका प्रश्न मी फार थोड्या पालकांकडून ऐकला आहे. डॉक्टर म्हणाले, “तोंडाला, फुप्फुसाला आणि यकृताला.”

आता बुसल्फान शिरेतून देतात. दर सहा तासांनी दोन तास, पंपावर. झटके येऊ नयेत म्हणून आधीपासून त्याचं औषध चालू. ठरलेल्या तासांना रक्ताचे नमुने काढून औषधाची पातळी तपासतात आणि पुढची मात्रा तिच्यावर बेततात. उलटीतल्या गोळ्या मोजण्याचे दिवस गेले. यकृताला आधार म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या पहिल्यापासून. डे झिरोला त्याच्या पेशींची पिशवी कोमट पाण्यात वितळवून चढवली. गोठवताना घातलेल्या रसायनाचा लसणासारखा वास खोलीभर दोन दिवस रेंगाळला.

त्याचं मूळ वजन १४.२ किलो, पोटाचा घेर ४८ सेंटिमीटर. प्लस दहाला वजन १४.३५. प्लस अकराला १४.५५, लघवी वाढवणारं लॅसिक्स देऊनही. प्लस बाराच्या पहाटे मीच ड्युटीवर होते. त्याला काट्यावर घेण्याआधी त्याची आई म्हणाली, “ताई, चड्डीची नाडी रात्री सैल केली मी. रुतत होती त्याला.” मी हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहिलं. वजन १४.८. घेर ५१.

चार्ट घेऊन मी रेसिडेंट डॉक्टरांकडे गेले. बिचारे रात्रभर जागे होते. त्यांनी कावीळ दाखवणारा बिलिरुबिनचा रिपोर्ट पाहिला. “बिलिरुबिन ०.८ आहे, सिस्टर. नॉर्मल.” मी म्हणाले, “हो. पण तीन दिवस वजन चढतंय, लॅसिक्स चालू असताना. आणि काल प्लेटलेट चढवल्या, तरी काउंट तिथेच आहे.” त्यांनी चार्ट हातात घेतला, तीन दिवसांचे आकडे बोटानं वाचले आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. तेव्हा साडेसहाही झाले नव्हते.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. बरीच वर्षं हे निदान १९८०च्या दशकात सिएटल आणि बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी घालून दिलेल्या निकषांवर व्हायचं. बाल्टिमोरच्या निकषात बिलिरुबिन दोन मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय पुढचं पाऊलच नव्हतं. लहान मुलं त्यात सापडायची नाहीत. २०१८ साली युरोपातल्या ट्रान्सप्लांट संघटनेचे मुलांसाठीचे वेगळे निकष आले. पाचांपैकी दोन खुणा पुरे: प्लेटलेट चढवूनही न टिकणं, लॅसिक्स देऊनही सलग तीन दिवस वजन वाढणं किंवा मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त वाढणं, यकृत मोठं होणं, पोटात पाणी साठणं आणि बिलिरुबिन चढत जाणं. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा उल्हासनगरच्या त्या मुलीचा चार्ट माझ्या डोळ्यांसमोर आला. वजन वाढलं होतं. पोट वाढलं होतं. प्लेटलेटही टिकत नव्हत्या.

‘चार नंबर’ची सोनोग्राफी नऊ वाजता झाली. यकृत मोठं झालेलं, पोटात थोडं पाणी. पण पोर्टल शिरेतलं रक्त अजून सरळ वाहत होतं. प्रवाह उलटला म्हणजे फार उशीर झालेला असतो. आम्ही त्याआधी पोहोचलो होतो.

या दुखण्यावरचं औषध म्हणजे डिफायब्रोटाइड. युरोपात ते २०१३ साली मंजूर झालं, अमेरिकेत २०१६ साली. किलोमागे रोज पंचवीस मिलिग्रॅम, चार भागांत, दर भाग दोन तास, किमान एकवीस दिवस. त्याच्या वजनाला रोज ३५५ मिलिग्रॅम, म्हणजे दोनशे मिलिग्रॅमच्या जवळजवळ दोन कुप्या. परदेशातून येणारं औषध, खर्च लाखांत. शिवाय ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेल्या डीएनएपासून बनतं, आणि संमतीपत्र भरताना हे सांगावं लागतं. वडिलांनी ऐकलं. नकळत हात माळेवर गेला. “आबांला विचारतो,” म्हणून ते बाहेर गेले. काचेपलीकडे ते फोनवर बोलताना दिसत होते, पाठ भिंतीला टेकलेली. पाच मिनिटांत आत आले. “आबा म्हनले, जीव वाचवायला दिलं की ते औषधच. सही कुठं करू?”

पैशांसाठी समाजसेविका ताईंनी दिवसभर अर्ज भरले. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास, आणखी काही विश्वस्त संस्था. गावानं वर्गणी काढली. ज्या बागेत वडील फवारायचे त्या मालकानं हंगामाची उचल आधीच दिली. पहिल्या तीन दिवसांपुरत्या कुप्या मिळाल्या आणि आम्ही थांबलो नाही, सुरू केलं. बाकीच्या वाटेवर होत्या. हे लिहिताना मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण जे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर अधिक उपयोगी पडतं, ते दारोदार पैसे मागून मिळवावं लागू नये. ट्रान्सप्लांट करणाऱ्या प्रत्येक केंद्रात त्याच्या काही कुप्या कपाटात हव्यात आणि योजनांच्या यादीत त्याचं नाव हवं, एवढं मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

पुढचे दहा दिवस पाण्याचे होते. डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घातली. त्याच्या शरीरात जाणारा थेंब न् थेंब मोजायचा. अँटिबायोटिक जेवढ्या कमी सलाइनमध्ये विरघळवता येईल तेवढ्यातच द्यायचं, लाइन धुवायचं पाणीसुद्धा हिशोबात. आणि पोरगं पाणी मागायचं. तोंडात फोड, घसा कोरडा, पोट ताणलेलं. “आई, घोटभर.” मी पाच-पाच मिलिलिटरच्या सिरिंज भरून ठेवायचे. एका सिरिंजचे चार घोट कसे करायचे, ते आईनं शोधून काढलं. तिनं वहीत रेघा मारायला सुरुवात केली. एक सिरिंज, एक उभी रेघ. पाच झाल्या की आडवी. ती चौथी शिकलेली, पण तिची वही आणि माझा इनपुट-आउटपुट चार्ट यांचा मेळ रोज बसायचा. एकदा बसला नाही, तेव्हा चूक माझी निघाली. एक फ्लश लिहायचा राहिला होता.

वजन १५.१ वर जाऊन दोन दिवस थबकलं. एक रात्र नाकाला ऑक्सिजन लागला. रक्तस्राव होईल म्हणून आम्ही हिरड्या, लघवी, लाइनची जागा तासातासाला पाहत होतो, कारण हे औषध रक्त पातळ करतं. औषधाच्या सहाव्या दिवशी पहाटे डायपर तोलला तेव्हा तो जड लागला. मी तो दोनदा तोलला. सहाच्या काट्यावर १४.९. दुसऱ्या दिवशी १४.६. त्याच आठवड्यात चढवलेल्या प्लेटलेट टिकायला लागल्या. वडील धर्मशाळेतून आले तेव्हा मी काचेतूनच त्यांना बोटांनी आकडा दाखवला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी नव्या सिस्टरांना शिकवते तेव्हा यंत्रांपासून सुरुवात करत नाही. आधी टेप हातात देते. खुणा कुठे करायच्या, अंघोळीत पुसल्या तर लगेच पुन्हा कशा काढायच्या, काटा बदलला तर जुन्या-नव्या दोन्ही काट्यांवर त्याच वेळी वजन का घ्यायचं, ते करून दाखवते. आमच्या युनिटमध्ये ‘सलाइनचं असेल’ हे शब्द चार्टवर चालत नाहीत. असेल तर किती मिलिलिटरचं, ते लिहायचं. आणि आईचं वाक्य आईच्याच शब्दांत शेऱ्यात उतरवायचं. नाडी, हूक, बांगडी, पैंजण. घट्ट काय झालं, ते तिला आमच्या आधी कळतं.

आता हे दुखणं आमच्याकडे पूर्वीइतकं दिसत नाही. थॅलेसेमियाच्या मुलांचं साठलेलं लोह आधीपासून उतरवतात, आणि यकृत थकलेलं असेल तर बुसल्फानऐवजी यकृताला कमी जाचणारं ट्रिओसल्फान बऱ्याच ठिकाणी वापरतात. पण ल्युकेमियासाठी आलेली जेमटुझुमॅब, इनोटुझुमॅब ही औषधं ज्यांना आधी दिली आहेत, त्यांच्यात हा धोका वाढतो. म्हणून जुन्या फायली शेवटच्या पानापर्यंत वाचाव्या लागतात. औषधं बदलतील, धोके नव्या वाटेनं येतील. सकाळी सहाचा काटा मात्र ढकलत न्यावाच लागेल.

‘चार नंबर’ प्लस एकेचाळीसला घरी गेला. आईनं वही बरोबर नेली. जवळजवळ साडेतीन महिन्यांनी एका रविवारी तिचा फोन आला. आवाज थरथरत होता. “ताई, पंधरा दिवसांत आठशे ग्रॅम वाढलंय. गावातल्या दवाखान्याच्या काट्यावर. मी शिंप्याकडची टेप आणून पोट मोजलं, रोज मोजते, घेर तेवढाच आहे. नाडी पण तिथंच बांधते. पण वजन वाढलंय, ताई.”

मी तिला एकेक विचारत गेले. लघवी, डोळे, बरगडीखाली दुखणं, पायांवर सूज. ती प्रत्येकाला नीट उत्तर देत होती, वही समोर उघडी असणार. मग मी विचारलं, खातो काय? “भाकरी खातो. दूध. आंडं. काल तर दोन भाकऱ्या खाल्ल्या.” डॉक्टरांशी तिचं बोलणं करून दिलं, त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या तपासण्या सांगितल्या. सगळ्या चांगल्या आल्या.

संध्याकाळी मी तिला फोन केला. म्हणाले, “बाई, हे वजन भाकरीचं आहे. वाढू दे.” पलीकडे ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, “म्हंजे आता हे लिहू नको?”

“लिहा,” मी म्हणाले. “हे तर लिहाच.”